ओओटीपी २६ रिव्ह्यू: नोव्हेंबर ते फेब्रुवारी खेळायचा बेसबॉल

ओओटीपी म्हणजे आउट ऑफ द पार्क बेसबॉल, कॉम्प्युटरवरचा टीम चालवायचा गेम. नावात आउट ऑफ द पार्क असलं तरी या गेममध्ये तुम्ही स्वतः एकही बॉल मारत नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. ओओटीपीत तुम्ही टीमचे जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, असता, हौस असेल तर डगआउटमधले मॅनेजर पण, आणि स्क्रीनवर दिसतात त्या याद्या, आकड्यांचे तक्ते, मालकाचे मेल आणि तुमच्या ऑफरवर खेळाडू नाराज झाल्याचे निरोप. मी न्यू जर्सीत राहतो, न्यू यॉर्क मेट्स टीमचा फॅन आहे, म्हणजे सहनशक्ती भरपूर, आणि वर्ल्ड सिरीज संपली की फेब्रुवारीत पिचर-कॅचर सरावाला फ्लोरिडाला पोचेपर्यंत इथे करायला काही नसतं, साडेचारला अंधार पडतो, सगळे फॅन नुसते कोण कुठे जाणार आणि कितीला जाणार यावर बोलत बसतात. हा गेम त्या बोलण्यासाठीच बनवलाय असं माझं मत झालंय. १६२ मॅचेस आहेत, पण त्या आपल्या मधल्या भरतीसाठी.

थोडी माहिती. १९९९ मध्ये मार्कुस हाइनझोन नावाच्या जर्मन माणसाने हा सुरू केला, जर्मनीत बेसबॉल कोण बघतं देव जाणे. २००७ च्या व्हर्जनला मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या साइटवर १०० पैकी ९६ मिळालेत, पीसी गेम्समध्ये एवढे मार्क फार थोड्यांना आहेत. २०२० मध्ये कोरियाच्या कॉमटूसने कंपनी विकत घेतली आणि २५ व्हर्जनपासून कोरियन लीग अधिकृत लायसन्ससकट आली. आणि २०२० ला कोविडमुळे सीझन अडकला होता तेव्हा बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या साइटने याच गेमवर अख्खा सीझन सिम्युलेट करून रोज निकाल लावले होते, म्हणजे बेसबॉलवाले याला खेळणं समजत नाहीत. खऱ्या खेळाडूंचे रेटिंग ठरवताना डॅन झिम्बोर्स्कीच्या झिप्स प्रोजेक्शनचा, म्हणजे पुढच्या सीझनच्या अंदाजांचा, आधार घेतात, त्यामुळे कोणाला उगाच फुगवलंय असं सहसा वाटत नाही.

मी अर्थात मेट्स घेतले, आणि पहिला सीझन सिम करून, म्हणजे कॉम्प्युटरलाच खेळवून, सरळ नोव्हेंबर गाठला. तिथून खरी मजा चालू होते. एकामागून एक तारखा अंगावर येतात. कोणाचं ऑप्शन, म्हणजे करार एक वर्ष वाढवायचा हक्क, वापरायचं, कोणाला सोडायचं, कोणाला क्वालिफायिंग ऑफर द्यायची. ही क्वालिफायिंग ऑफर म्हणजे एका वर्षाचा ठरलेल्या रकमेचा करार, २०२५ च्या हिवाळ्यात तो २ कोटी २० लाख २५ हजार डॉलरचा होता, खेळाडूने नाकारला आणि दुसरीकडे गेला तर तुम्हाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, भरपाईचा पिक मिळतो. बाहेरून बघताना वाटतं की द्यायला काय जातंय, नाहीतरी तो नाकारणारच. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये खऱ्या लीगमध्ये १३ जणांना ऑफर गेली आणि त्यातल्या चौघांनी चक्क हो म्हटलं, इमानागा, वुडरफ, ग्रिशम आणि ग्लेबर टोरेस. हो म्हटलं की तेवढे पैसे पुढच्या वर्षीच्या हिशोबात आलेच. गेममध्ये ही ऑफर देताना बोट जरा थरथरतं ते यामुळे.

आता कराराची स्क्रीन, कारण मी या गेमला पाच स्टार देतोय ते या एका स्क्रीनसाठी. एका बाजूला खेळाडूची मागणी, दुसऱ्या बाजूला तुमची ऑफर, आणि प्रत्येक वर्षासाठी वेगळा रकाना. पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, असं स्वतः भरायचं. त्याच्याखाली शेवटच्या वर्षाला टीम ऑप्शन ठेवायचं का, की प्लेअर ऑप्शन, की ठराविक मॅचेस खेळल्या तरच लागू होणारं व्हेस्टिंग ऑप्शन, ऑप्ट-आउट, म्हणजे खेळाडूला करार मोडून बाहेर पडायची सोय, कितव्या वर्षानंतर, नो-ट्रेड, म्हणजे त्याला न विचारता दुसऱ्या टीमला द्यायचं नाही ही अट, द्यायचं का, एवढ्या इनिंग टाकल्या तर एवढा बोनस, साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, मिळालं तर एवढा. आणि समोरच्याचा पेशन्स मर्यादित. दोनदा तीनदा कमी आकडा दाखवला की बोलणी तुटतात आणि तो दुसऱ्या टीमकडे बघायला लागतो. लग्नाच्या याद्या करायला बसलेत आणि मुलाकडच्या मामांना मानपान कमी पडतोय, अगदी तसलं वातावरण.

यातून कळतं ते असं की मथळ्यातला आकडा हा कराराचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. हुआन सोटोचंच घ्या. डिसेंबर २०२४ ला मेट्सनी त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले, तेव्हाच्या दराने साडेसहा हजार कोटी रुपये होतात, त्याच्या दोनच आठवडे आधी ऋषभ पंत २७ कोटीला गेला म्हणून आपल्या ग्रुपवर दिवाळी चालू होती. तेव्हा मी पण नुसता आकडाच बघितला होता. पण गेममध्ये तो करार उघडून बघा, पाच सीझननंतर ऑप्ट-आउट आहे. म्हणजे चांगला खेळला तर एकतिसाव्या वर्षी तो उठून परत बाजारात जाऊ शकतो, आणि नाही खेळला तर २०३९ पर्यंत, चाळिशी गाठेपर्यंत, आपल्याच गळ्यात. खऱ्या करारात मेट्सना तो ऑप्ट-आउट रद्द करता येतो, उरलेल्या दहा वर्षांना दर वर्षी ४० लाख वाढवून, म्हणजे एकूण ८० कोटी ५० लाख. बायको मागून बघत होती, म्हणाली "अरे चाळिसाव्या वर्षी हा माणूस पळणार कुठे, आणि तू त्याला पैसे कसले देतोयस अजून?" म्हटलं अगं मेट्स बॉबी बोनियाला २०११ पासून दर १ जुलैला जवळपास १२ लाख डॉलर देतायत, २०३५ पर्यंत देणार आहेत, आणि तो २००१ पासून खेळतच नाहीये. २००० साली त्याचे ५९ लाख द्यायचे होते, ते लगेच न देता ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले, त्याची ही फळं. तिने विचारलं की आपल्याला एफडीला ८ टक्के कोण देतं का. उत्तर नव्हतं.

शोहेई ओहतानीची केस याच्या बरोब्बर उलटी. डिसेंबर २०२३, डॉजर्स, १० वर्षं, ७० कोटी डॉलर, पेपरात सगळीकडे सत्तर कोटी सत्तर कोटी. त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख, आणि व्याज नाही त्यामुळे लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे पगारांचा खर्च एका रेषेवर गेला की टीमला बसणाऱ्या दंडाच्या, हिशोबात तो वर्षाला सात कोटींऐवजी साधारण ४ कोटी ६० लाखांचाच धरला जातो. मी हे सगळं आधी वाचलं होतं, डोक्यात काही शिरलं नव्हतं. वर्षांचे रकाने स्वतः भरायला लागल्यावर शिरलं. आता कुठलीही बातमी आली की मी पहिल्यांदा विचारतो पैसे कधी मिळणार आणि कोणाला कधी बाहेर पडता येतं, एकूण किती ते नंतर.

आणि बाहेर पडायची सोय हा काय प्रकार असतो ते आम्हा मेट्सवाल्यांना आमच्या पहिल्या बेसवरच्या पीट अलोन्सोने शिकवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाजारात मनासारखं मिळालं नाही म्हणून दोन वर्षं ५ कोटी ४० लाखांवर परत आला, एका वर्षानंतर ऑप्ट-आउट, त्या वर्षी धुतलं, ऑप्ट-आउट घेतला आणि डिसेंबर २०२५ ला बाल्टिमोर, ५ वर्षं, १५ कोटी ५० लाख. माझ्या गेममध्ये मी त्याला ठेवलाय. पाच वर्षांचाच करार, पण पैसे सुरुवातीच्या वर्षांत जास्त भरलेत आणि शेवटच्या दोन वर्षांत कमी, कारण बत्तिशी-तेहतिशीनंतर पहिल्या बेसवरच्या माणसाचं रेटिंग कसं घसरतं ते हा गेम अजिबात दयामाया न दाखवता दाखवतो. खऱ्या मेट्सचा कारभार बघणाऱ्या स्टर्न्ससाहेबांनी नाही ठेवला, मी ठेवला, बघू कोण बरोबर ते.

आर्बिट्रेशन पण आहे. ज्यांना क्रिकेटची सवय आहे त्यांना हा प्रकार समजावायला वेळ लागतो, म्हणून जरा सांगतो. खेळाडू वर आला की पहिली साधारण तीन वर्षं टीम देईल ते घ्यायचं, म्हणजे जवळपास किमान पगार, २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर. मग तीन वर्षं आर्बिट्रेशन, खेळाडू एक आकडा सांगतो, टीम एक, आणि पंच मंडळ दोघांपैकी एकच निवडतं, मधला काढता येत नाही. सहा वर्षं भरली की फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. खऱ्या आयुष्यात याच्या सुनावणीला टीमचे वकील आपल्याच खेळाडूच्या तोंडावर तो कसा कमी आहे ते सांगतात. पिचर कॉर्बिन बर्न्स २०२३ ला मिल्वॉकीविरुद्ध हरला, त्याने १ कोटी साडेसात लाख मागितले होते, टीमने १ कोटी १० हजार म्हटले, म्हणजे फरक किती तर साडेसात लाखांच्या आत. बाहेर येऊन त्याने सरळ सांगितलं की नातं दुखावलंय, वर्षभरात त्याला बाल्टिमोरला ट्रेड केलं, आणि मग ॲरिझोनाने ६ वर्षांचे २१ कोटी दिले. साय यंग जिंकलेल्या माणसाशी साडेसात लाखांसाठी कोण भांडतं राव. गेममध्ये ही सुनावणी म्हणजे एक निरोप आणि एक आकडा, संपलं. इथे थोडा अजून मसाला हवा होता, नाराजीचा परिणाम वर्षभर जाणवला पाहिजे.

प्रॉस्पेक्टवाल्या, म्हणजे उगवत्या पोरांवर नजर ठेवणाऱ्या, लोकांसाठी मात्र ही खाण आहे. मेट्सच्या खाली सिराक्यूज, बिंगहॅम्टन, ब्रुकलिन अशा सगळ्या मायनर लीग टीम खऱ्या नावांसकट आहेत, तिथल्या पोरांची २० ते ८० स्केलवर आजची ताकद वेगळी आणि पोटेन्शिअल वेगळं, आणि तुमचा स्काउट जर ढ असेल तर ते आकडे पण चुकीचे. स्काउटिंगवर पैसे कमी टाकले की धुक्यात गाडी चालवा. मला हे फार आवडतं कारण टॉप हंड्रेड याद्यांवर छाती ठोकून बोलणारी जनता बघितली की वाटतं यांना एकदा हा गेम द्या, २१ व्या वर्षी ६५ पोटेन्शिअल असलेला शॉर्टस्टॉप २४ व्या वर्षी ४५ होऊन बसतो आणि कोणाचीच चूक नसते.

त्यात सर्व्हिस टाइमचा, म्हणजे मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांचा, खेळ. एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात. २०१५ ला शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला सीझन चालू झाल्यावर काही दिवसांनी वर आणलं, त्याचे १७१ दिवस भरले, एक दिवस कमी, आणि फ्री एजन्सी अख्खं एक वर्ष पुढे. तक्रार केली, २०२० ला हरला. लीग आणि खेळाडूंच्या २०२२ च्या करारात यावर थोडा इलाज केलाय, रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नव्या खेळाडूच्या मतदानात पहिल्या दोघांत आलं की पूर्ण वर्ष धरतात, पॉल स्कीन्स २०२४ ला मे महिन्यात वर येऊनही त्याला तसंच पूर्ण वर्ष मिळालं. आणि दुसरा रस्ता म्हणजे पोराला आधीच बांधून ठेवणं. मिल्वॉकीने जॅक्सन चौरिओला एकही मेजर लीग मॅच खेळायच्या आधी ८ वर्षं ८ कोटी २० लाख दिले. अटलांटाने २०१९ ला ओझी ऑल्बीजला ७ वर्षांत साडेतीन कोटीत गुंडाळला, त्याच्यावर तर लोक अजून हळहळतात. गेममध्ये मी हेच करत बसतो, पोरगं चमकायच्या आत सही घ्यायची. माणूस म्हणून लाज वाटते, जीएम म्हणून नाही.

रूल फाइव्ह ड्राफ्ट हा माझा सगळ्यात आवडता दिवस. चाळीस जणांच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या मुख्य यादीत, जागा न दिलेली जुनी पोरं दुसरी टीम एक लाख डॉलर भरून उचलू शकते, अट एवढीच की पूर्ण सीझन मेजर लीगच्या २६ जणांत ठेवायचं, नाहीतर परत. रोबेर्तो क्लेमेंटेला पिट्सबर्गने १९५४ ला असाच डॉजर्सकडून उचलला होता, यांकीजचा गॅरेट व्हिटलॉक रेड सॉक्सने २०२० ला. तर माझ्याकडे नोव्हेंबरमध्ये चाळीसच्या चाळीस जागा भरलेल्या, खाली बिंगहॅम्टनला एक डावखुरा पिचर पोरगा, कर्व्हबॉल ६०, कंट्रोलचा पत्ता नाही, आणि वर एक ३४ वर्षांचा रिलीव्हर (मॅचमध्ये नंतर येणारा पिचर) ज्याचे ऑप्शन, इथे मायनर लीगला पाठवायची मुभा, संपलेत म्हणजे खाली पाठवायचा तर वेव्हरवर टाकायला लागणार, तिथून दुसरी टीम उचलू शकते. एकाला जागा द्यायची तर एकाला डीएफए, म्हणजे रोस्टरमधून बाहेर. मी म्हाताऱ्याला डीएफए केलं, मियामीने वेव्हरवर उचलला, डावखुरा राहिला. सगळं मिळून अर्धा तास, एकही बॉल पडला नाही, आणि वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच बघितल्यासारखा घाम.

पैशाची बाजू टीमप्रमाणे पार बदलते. मेट्स घेतले तर मालक कोहेन, बजेट भरपूर, पण लक्झरी टॅक्सची रेष २०२५ ला २४ कोटी १० लाखांवर आणि तिच्या वर जाल तसा दंड वाढत जातो. खऱ्या मेट्सनी २०२४ साठी ९ कोटी ७० लाखांच्या वर नुसता टॅक्स भरला, डॉजर्सनी १० कोटी ३० लाख. मियामी किंवा ॲथलेटिक्सचा सगळा पगार एखाद्या वर्षी यात निघाला असता. म्हणून दुसरा सेव्ह मी टँपा बेने चालू केला आणि तो गेम वेगळाच निघाला, तिथे चांगला खेळाडू महाग व्हायच्या आधी दोन वर्षं विकायचा आणि पोरं घ्यायची, दर हिवाळ्यात स्वतःच्याच टीमचा लिलाव. नवीन माणसाने मधली टीम घ्यावी, मिल्वॉकी, क्लीव्हलंड वगैरे. श्रीमंत टीमने वाईट सवयी लागतात.

खटकणाऱ्या गोष्टी. पहिले काही तास डोक्याला नुसता शॉट, मेनूच्या आत मेनू, त्याच्या आत टॅब, आणि कोणी हात धरून शिकवत नाही. मी म्हणेन मायनर लीगचं सगळं काम असिस्टंट जीएमवर सोपवा, सेटिंगमध्ये सोय आहे, आणि तुम्ही फक्त ट्रेड आणि करार बघा. दुसरं म्हणजे ट्रेडमध्ये कॉम्प्युटर अजून भोळा आहे, नॉर्मलवर तीन बऱ्यापैकी पोरं देऊन एक मोठा खेळाडू मिळतो, असं खऱ्यात कोणी देत नाही, तेव्हा ट्रेड डिफिकल्टी पहिल्या दिवशीच वर न्या. मॅचची थ्रीडी चित्रं ठीक आहेत, बघायची तर एमएलबी द शो हा गेम घ्या. परफेक्ट टीम म्हणून पत्त्यांच्या पाकिटांचा एक मोड आहे, पाकिटं खेळून पण मिळतात आणि पैसे टाकून पण, मी त्याच्या वाटेला जात नाही, ज्याला जायचं त्याने क्रेडिट कार्ड लांब ठेवून जावं.

पुण्याचा माझा मेहुणा आयपीएल ऑक्शनच्या दिवशी सुट्टी टाकतो, त्याला मी हा स्टीमवरून घ्यायला लावला. बेसबॉलचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, आता व्हॉट्सॲपवर विचारतो "जिजाजी, याला नॉन-टेंडर करू का?", पुढच्या वर्षीचा करार न देता सोडू का असं. म्हणजे नियम माहीत असलेच पाहिजेत असं काही नाही, याद्या आणि पैसे यात रस पाहिजे. फुटबॉल मॅनेजर खेळणाऱ्यांना तर जमेलच. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो, फार भारी मशीन लागत नाही, फक्त सगळ्या लीग चालू ठेवल्या तर सिम हळू होतं.

घ्यायचा कधी, तर नवीन व्हर्जन दर वर्षी मार्चच्या आसपास येतं, त्या सीझनच्या ताज्या रोस्टरसकट. २६ मध्ये २०२५ च्या सुरुवातीच्या टीम आहेत, म्हणजे यात अलोन्सो अजून मेट्समध्येच आहे आणि एडविन डियाझ पण, तो खऱ्यात डॉजर्सकडे गेला. ज्याला आजची रोस्टर हवीत त्याने सगळ्यात नवीन व्हर्जन घ्यावं, ज्याला नुसता प्रकार काय आहे ते बघायचंय त्याने हिवाळ्याच्या सेलमध्ये जुनं व्हर्जन उचलावं, स्वस्त पडतं आणि करारांची स्क्रीन तीच आहे. आणि सध्याचा लीग आणि खेळाडूंचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, मागच्या वेळी असा संपला तेव्हा ९९ दिवस लॉकआउट, म्हणजे मालकांची टाळेबंदी, झाला होता, ना सही ना ट्रेड, सगळं ठप्प. परत तसं झालं तर मी ट्रेड करायला इकडेच असेन, डावखुऱ्याचा कंट्रोल अजून ३५ च आहे.